मधुभाऊंच्या घरचे लाल झिंगे

मधुभाऊ लांजेवारांच्या घरी जायचं असेल तर आधी हातातली अंगठी काढावी लागते. दाराच्या आत एका स्टुलावर प्लास्टिकची वाटी ठेवलेली आहे. अंगठी, कडं, घड्याळ, जे काही धातूचं असेल ते तिच्यात काढून ठेवायचं, शेजारच्या बादलीत हात खळबळायचे आणि मगच पुढे व्हायचं. नियम सगळ्यांना सारखा. एकदा लग्नपत्रिका द्यायला खुद्द नवरदेव आला होता. त्याची साखरपुड्याची अंगठी बोटातून निघेना, तेव्हा मधुभाऊंनी न्हाणीतून साबण आणून दिला.

"काहून जी, मधुभाऊ? अंगठीनं काय होते?"

"काचेले लागते न. टण्ण वाजते. मंडळी दचकते."

मंडळी म्हणजे झिंगे. बैठकीत, टीव्ही असतो त्या जागी, एक काचेची टाकी आहे आणि तिच्यात भाताच्या शितापेक्षा थोडे मोठे, लालभडक झिंगे हिरव्या शेवाळावर दिवसभर काही ना काही टिपत असतात. टीव्ही आत माळ्यावर गेला. "तो बातम्या सांगते, हे बिचारे काही सांगत नाही," असं मधुभाऊ म्हणतात.

मी त्यांचा भिंतीला भिंत लागून शेजारी आणि पेशानं गणिताचा मास्तर. मला प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं, आणि ते पटलं नाही तर मला जेवण गोड लागत नाही. झिंगा टण्ण आवाजानं दचकतो हे मला कधीच पटलं नाही. पण अ‍ॅसिडिटीसाठी आईनं घालायला लावलेली माझी अंगठी मी निमूट काढून ठेवत असे, कारण त्या घरचा चहा चांगला असतो.

मधुभाऊंचं भंडाऱ्याच्या बाजारात तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. लोटा घ्यायला आलेलं गिऱ्हाईक त्यांच्याकडून हंडा घेऊन जातं. "रातभर तांब्यात पाणी ठेवा अन् सकाळी प्या. डॉक्टरनं तुमाले रस्त्यात ओळखलं तर पैसे वापस!" दिवसभर हे प्रवचन चालतं. संध्याकाळी घरी आले की अंगणात उभे राहून कोपरापर्यंत बेसन लावून हात घासतात. बाजाराची धूळ जात नाही म्हणे. मीही त्याच बाजारातून येतो, पण मी काही हळदीच्या नवरीसारखा बेसन चोळत बसत नाही.

ही मंडळी घरात आली कशी, तेही सांगतो. मधुभाऊ माल आणायला नागपूरला गेले होते. परत आले ते पाण्यानं फुगलेली एक पिशवी छातीशी धरून, बसमध्ये उभ्यानं. सुमनवहिनींनी पिशवी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाल्या, "एवढ्याशानं का भाजी होते? वाटीभर तरी आणाचे होते!" वहिनींच्या हातचे झिंगे-वांगे गल्लीत प्रसिद्ध, त्यामुळे त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. हे खायचे नाहीत, पाहायचे आहेत, असं कळल्यावर त्या इतक्या हसल्या की भिंतीपलीकडे माझा धड्यातला हिशेब चुकला.

तेव्हापासून त्या घरात झिंगे शिजत नाहीत. नदीकाठच्या कारध्याहून झिंग्यांची टोपली घेऊन येणाऱ्या बाईला मधुभाऊ अदबीनं आमच्या दाराकडे वळवतात आणि दुपारी बरोबर जेवायला येतात. "नदीतले खाची वस्तू आहे, घरातले पाहाची," असं म्हणून दुसऱ्यांदा रस्सा वाढून घेतात.

पहिली खेप मात्र फार टिकली नाही. मे महिन्यात एका दिवसात सगळे झिंगे गेले. मधुभाऊंनी स्वतःच बाजारभर सांगितलं, "माझीच गलती. पालक जास्त टाकला. त्याईनं खाल्ला नाही, मंग तो सडला, पाणी नासलं. माझा हातच जड आहे जी." बाजाराला एवढं पुरेसं होतं. लग्नाच्या पंगतीत मधुभाऊ वाढायला आले की लोक ताटावर हात आडवा धरत, "बेतानं, भाऊ! आमचा झिंगा करान." मधुभाऊ सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसत.

मग दुसरी खेप आली आणि तिच्याबरोबर नियम आले. खाऊ घालायचं काम वहिनींचं. त्या पालकाचं पान चारदा धुतात, न जाणो त्यावर फवारा असला तर. ते उकडून, गार करून नखाएवढा तुकडा टाकीत सोडतात. थोड्या वेळानं उरलेला बाहेर काढतात. एखाद्या दिवशी काहीच देत नाहीत, कारण शेवाळावर मंडळीचं भागतं. "माप पाहा हिच्या हाताचं," मधुभाऊ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "मले तर डब्याले हात लावू देत नाही." घरात डासांची उदबत्ती बंद, स्प्रे बंद. नगरपालिकेची धुराची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की मधुभाऊ बनियनवर धावत जाऊन तिच्यापुढे हात पसरून उभे राहतात. "पाच मिनिटं थांबा जी! मच्छर मेलेच पाह्यजे, मी आडवा नाही येत. पण मले खिडक्या लावू द्या!" मग ओल्या चादरी खिडक्यांना, जाड पांघरूण टाकीला. गाडीवाला आता आमच्या गल्लीत शिरण्याआधी हॉर्न देतो.

पाण्याचं काम मधुभाऊंचं, आणि इथे माझं डोकं फिरे. टाकीचं पाणी ते आमच्या घरून न्यायचे. दोन प्लास्टिकच्या बादल्या आमच्या व्हरांड्यात भरून ठेवायचे, औषधाचा वास उडावा म्हणून दिवसभर तशाच राहू द्यायचे आणि मग उचलून न्यायचे. आमचा नळ आणि त्यांचा नळ एकाच पाइपावर आहे.

"तुमच्या नळाचं पाणी गोड आहे, सर."

एकाच पाइपातून गोड आणि अगोड पाणी येतं हे कुठल्या शास्त्रात बसतं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

गेल्या पावसाळ्यात माझा साळा प्रशांत नागपूरहून आला. त्याच्या घरी अशाच टाक्या आहेत, म्हणून मी कौतुकानं त्याला दाखवायला नेलं. वाटीत अंगठ्या पडल्या, हात धुऊन झाले. प्रशांतनं वाकून पाहिलं, वा वा केलं आणि पहिल्या खेपेची चौकशी केली.

"सगळे एकाच दिवशी गेले? मग भाऊ, हे पालकानं नाही झालं. पाण्यातच काहीतरी आलं असणार." बोलता बोलता त्याची नजर स्वयंपाकघराच्या दारापाशी गेली. तिथे तिवईवर वहिनींच्या माहेरचा, मोहाडीहून आलेला तांब्याचा हंडा चमकत होता. शेजारी वहिनी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. "तुम्ही कधी त्या हं..."

"लाडू!" मधुभाऊ ओरडले.

आम्ही सगळेच दचकलो.

"लाडू टाकला होता मी! बुंदीचा! अख्खा!"

"अगा बाई!" वहिनींच्या हातातले कप वाजले. "मले तर पालक सांगतला होता!"

"लाजेनं नाही सांगतलं."

"बुंदीचा लाडू! झिंग्याले!" वहिनी ट्रे ठेवून पदरानं डोळे पुसेपर्यंत हसल्या. मधुभाऊही हसले, पण त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि ते प्रशांतकडे हात जोडल्यासारखं पाहत होते. प्रशांत मुकाट्यानं चहा प्यायला.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "भाऊजी, लाडू-बिडू काही नाही. तांब्याच्या भांड्यातलं पाणी पडलं असणार. झिंग्याला तांबं म्हणजे विष."

अंगठीची वाटी, बेसन, आमच्या नळाचं गोड पाणी, सगळ्याचं उत्तर मला एका वाक्यात मिळालं. सगळा धातू काढायला लावला, म्हणजे तांब्याचं वेगळं नाव घ्यावं लागत नाही. पाणी आमच्याकडे भरलं, म्हणजे घरच्या तांब्याच्या भांड्यांशी त्याची गाठ पडत नाही. आयुष्यभर तांबं विकणारा माणूस स्वतःच्या घरात तो शब्द टाळत होता.

संध्याकाळी ते बादल्या न्यायला आले तेव्हा मी सरळ विचारलं. ते बादलीच्या काठावर हात ठेवून खाली बसले.

"उन्हानं टाकी आटली होती, सर. मी दुकानात. तिले वाटलं, बिचारे तहानले. हंड्यातलं थंडगार पाणी आणून टाकलं. मी घरी आलो तर किती खुशीत सांगते, 'तुमच्या मंडळीले आज गार पाणी पाजलं मी.' मले तवाच समजलं, आता गेले हे."

"मग सांगायचं ना त्यांना. त्यांना थोडंच माहीत होतं?"

"कसं सांगू?" ते म्हणाले. "आमाले लेकरू नाही झालं. एक गाय घेतली होती, ते गेली. गल्लीतल्या बायका म्हणत, हिच्या हाताले यश नाही. कोणी ओटी भराले बोलवत नाही तिले. तुमाले मालूम नसन, पण ती दुसऱ्याचं लेकरू हातात घेत नाही. तिलेच भेव वाटते. आता हेबी तिच्याच माथी मारू?"

"म्हणून तुमच्या माथी घेतलंत?"

"माझं काय जी? लोक हसतेत. हसू द्या न."

त्या गल्लीतल्या बायकांत माझी आई होती, हे आम्हां दोघांनाही माहीत होतं. मी एक बादली उचलली आणि त्यांच्या दारापर्यंत पोचवून आलो.

दिवाळीच्या सुमारास टाकीत पिल्लं दिसू लागली. पापणीच्या केसाएवढी. मधुभाऊ भिंग घेऊन गल्लीतल्या एकेका माणसाला दाखवत, "हिनं वाढवले. माझ्या हातानं तर एकबी राहिला नसता." मग त्यांना नवीनच खूळ लागलं. गल्लीतल्या चार-पाच घरी जाऊन त्यांनी काचेच्या मोठ्या बरण्या दिल्या, आत पाणी आणि शेवाळाचा पुंजका. खिडकीत ठेवा, उन्हात नको, पाणी बदलू नका, विचारू नका. आमच्या आईनं दोन महिने त्या बरणीच्या नावानं बोटं मोडली. लोणचं घालण्याजोगी बरणी म्हणे फुकट गेली.

संक्रांतीला वहिनींच्या हळदीकुंकवात त्या बरण्यांचा उलगडा झाला. दरवर्षी त्यांच्याकडे वाण म्हणून पितळी चमचा नाहीतर तांब्याची पळी मिळे. यंदा बरणीवाल्या घरांना छोट्या पिशवीत चार-चार लाल झिंगे. आम्ही पुरुष बाहेर खुर्च्यांवर, आणि मधुभाऊ निघणाऱ्या प्रत्येक बाईला थांबवून सांगत होते, "पिशवी पह्यले पाण्यावर तरंगू द्या जी. बरणीतलं पाणी थोडं थोडं आत टाका. एकदम ओतू नका. अन् खाऊ? नखाएवढा!"

आत आईची पाळी आली. आईला ऐकू कमी येतं, म्हणून ती बोलते ते चौकापर्यंत जातं.

"जगतीन का वं हे माझ्या घरी?"

वहिनी काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही. बायकांत त्यांचा आवाज एरवीही लहान.

"हो न," आई म्हणाली, "तुझ्या हातचे आहेत, जगतीनच. अन् आयक, पुढच्या मह्यन्यात आमच्या नातीची ओटी भराची आहे. पह्यली तू भरजो."

नात म्हणजे माझी मुलगी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. बाहेर मधुभाऊंचं प्रवचन नखाएवढ्या तुकड्यावरच थांबलं. समोरची बाई पिशवी धरून उभी होती, तिच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले.

"माय काय म्हणाली जी, सर? मले बराबर आयकू नाही आलं."

मी शब्द न् शब्द सांगितला. ते जमिनीकडे पाहत मान हलवत राहिले. मग त्यांनी गमछ्यानं तोंड पुसलं आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"वापस सांगा न," ते म्हणाले.