चार बोटं जागा

"रविवारी टेम्पो घेऊन येतो," काका फोनवर म्हणाले, "आणि तो रांजण घेऊन जातो. तुमच्याकडे नुसता धूळ खात पडलाय."

थोरलीने "बरं" म्हणून फोन ठेवला, आणि फोन ठेवता ठेवताच ठरवून टाकलं की रविवारी रांजण जागचा हलणार नाही.

रांजण म्हणजे कोळशावर भाजायची चिनीमातीची भट्टी. अंड्याच्या आकाराची, हिरवीगार, जाड अंगाची. वर बिजागरीचं झाकण, तळाशी हवा जायला एक छोटं दार. वडिलांनी निवृत्तीनंतर हौसेने आणली होती. पण ती जमिनीवर ठेवून पेटवायला ते तयार नव्हते. आधी तिला टेबल हवं, मधोमध गोल भोक असलेलं, आणि ते आपल्या हातचं. टेबल झालं. घासून, पॉलिश होऊन अंगणात उभं राहिलं. मग वडीलच राहिले नाहीत. तेव्हापासून टेबल एका कोपऱ्यात आणि रांजण दुसऱ्या कोपऱ्यात, भांडण झाल्यासारखे उभे होते.

वडिलांच्या सुतारकामाचं एकच तत्त्व होतं: फट म्हणजे आळस. घरातला प्रत्येक ड्रॉवर उघडायला भिंतीला पाय टेकवावा लागे. न्हाणीघराचं दार त्यांनी नवं केलं, तेव्हापासून पाहुण्यांना आत जाण्याआधीच, अडकलात तर कुठल्या बाजूला हाक मारायची, हे समजावून सांगितलं जाई. टेबलाचं भोकही त्यांनी रांजणाच्या पोटाचं माप घेऊन अगदी तेवढंच कापलं होतं. रांजणाबरोबर आलेल्या माहितीपुस्तिकेत बजावलं होतं की खाली दगडी फरशी ठेवा आणि लाकडापासून सगळीकडून चार बोटं जागा सोडा. फरशी वडिलांनी मुकाट्याने खालच्या फळीवर बसवली. चार बोटं मात्र त्यांना मानवली नाहीत. "ज्यांना नीट कापता येत नाही, त्यांच्यासाठी असतं ते," असं ते म्हणाले होते.

रविवारी सकाळी धाकटा भाऊ आला. त्याने भोक पाहिलं, रांजण पाहिला.

"ताई, हे आधी मोठं करावं लागणार."

"माहितेय."

"मग करवत काढू?"

"ह्यांच्या टेबलाला करवत?" आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. तिला कुजबुज नेहमीच स्पष्ट ऐकू येई.

थोरलीने भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. कड इतकी गुळगुळीत होती की बोट कुठेच थांबेना. "आधी बसवून तर बघू," ती म्हणाली. "नंतरचं नंतर."

थोरली खूप वाचणारी होती. अपघातांची बहुतेक वर्णनं नेमकी याच वाक्याने सुरू होतात, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

तेवढ्यात शेजारचे फायरवाले आले. जन्मभर अग्निशमन दलात काढलेला हा माणूस देवघरातल्या निरांजनाकडेसुद्धा संशयाने बघे. त्यांनी वाळूच्या दोन बादल्या आणल्या, खुर्ची मागवली आणि सगळं दिसेल अशा जागी बसले.

"लाकडाच्या टेबलात निखारे," ते समाधानाने म्हणाले. "पेटणार."

"अजून कोळसासुद्धा आणला नाही," थोरली म्हणाली.

"मी बसतो."

झाकण उतरवलं, आतल्या जाळ्या आणि भांडी बाहेर काढली, रांजण हलका केला. पोटाखालून जाड पट्टे घालून दोघांनी तो उचलला, भोकावर आणला आणि हळूहळू खाली सोडला. रांजण सुरेख उतरत गेला. आणि मग पोटाच्या घेरावर येऊन थांबला. खाली फरशी अजून वीतभर लांब होती.

"साबण लावू या," धाकटा म्हणाला.

साबण लावला. रांजण बोटभर खाली गेला आणि असा बसला की आता वरही येईना. धाकट्याने काठावर बसून भार दिला. काहीतरी करकरलं. नंतर पाहिलं तर धाकट्याची पँट ओली झाली होती आणि रांजण टेबलाचाच अवयव झाला होता.

"तुमच्या वडिलांचं माप," फायरवाले आदराने म्हणाले.

याच वेळी फाटकाबाहेर टेम्पो थांबला. काका उतरले. वडिलांचे धाकटे भाऊ. थोरल्या भावाला उभ्या आयुष्यात त्यांनी कधी उलट उत्तर दिलं नव्हतं आणि त्याची कसर ते पुतण्यांवर काढत.

"हे काय केलंत?"

"बसवला," थोरली म्हणाली. "आता निघत नाही. त्यामुळे नेताही येणार नाही."

हा विजय तिला अपेक्षित नव्हता, पण तो तिने लगेच स्वीकारला.

"निघत कसा नाही?" काकांनी काठ धरला आणि जोर लावला. रांजण निघाला नाही, टेबलच त्यांच्याकडचे दोन पाय हवेत उचलून उभं राहिलं. काकांनी ते खाली ठेवलं, कपाळ पुसलं आणि जाहीर केलं, "ठीक आहे. टेबलासकट नेतो."

"टेबल कशाला? ते बाबांनी या घरासाठी केलंय!"

"आणि तो माझा भाऊ होता, अगं!"

टेम्पोवाल्याला बोलावलं. काका आणि टेम्पोवाला पुढे. मागे धाकटा, ज्याला घरात कोणालाच नाही म्हणता येत नसे. थोरली बाजूने "ठेवा, आधी ठेवा!" म्हणत चालत होती. टेबल फाटकापर्यंत आलं, फाटकात शिरलं आणि तिथेच राहिलं. पुढे जाईना, मागे येईना. काका आणि टेम्पोवाला रस्त्यावर, बाकीचे अंगणात आणि मधे चिनीमातीचा हिरवा रांजण, नाक्यावरच्या पोलिसासारखा.

"बाहेर पडायचा मार्ग बंद झाला," फायरवाले खुर्चीतून उठले. "हे नियमात बसत नाही."

"दादाने फाटकाच्याच मापाचं केलं असणार," काका पलीकडून म्हणाले. आवाजात राग कमी आणि अभिमान जास्त होता.

"एकच उपाय आहे," थोरली म्हणाली. "भोक मोठं करायचं. रांजण निघाला की टेबल हलकं होईल, मग मागे ओढता येईल."

"खबरदार! दादाच्या कामाला हात लावायचा नाही. दादाचं माप कधी चुकलेलं नाही."

"भावजी," आई म्हणाली. ती केव्हा अंगणात आली ते कोणाला कळलं नव्हतं. "चुकत नाही म्हणूनच तर अडकलंय."

काकांनी टेबलावरचा हात काढला.

"वहिनी, तुम्ही असं म्हणता?"

"मी नाही म्हणायचं तर कोणी? त्या ड्रॉवरात माझा चष्मा आहे, भावजी. ड्रॉवर उघडायला चष्मा लागतो. ह्यांना मी लग्न झाल्यापासून सांगत आले, अहो, जरा जागा सोडा. लाकूड फुगतं, माणसं फुगतात. ऐकलं?" तिचा आवाज जराही चढला नव्हता. "थोरले, खूण कर."

थोरलीने पेन्सिल घेतली. "चार बोटं," ती म्हणाली.

"कोणाची?" धाकट्याने विचारलं.

"माझी धरा," फायरवाले पुढे झाले. "माझी जाड आहेत."

त्यांची बोटं टेकवत टेकवत भोकाभोवती नवं वर्तुळ काढून झालं. रांजण खाली आपटू नये म्हणून फरशीवर विटा रचल्या, वर गोधडीची घडी सारली. धाकट्याने वडिलांचं करवतीचं मशीन आणलं. थोरलीने ते हातात घेतलं, पातं रेघेवर टेकवलं आणि ती तशीच उभी राहिली. सकाळपासून ती सगळ्यांशी नेटाने भांडत होती: टेबल हलणार नाही, रांजण जाणार नाही, काही म्हणजे काही बदलणार नाही. आता बोट नुसतं बटणावर होतं आणि दाबत नव्हतं.

"आण इकडे," आई म्हणाली.

"तुला येतं?"

"एवढी वर्षं बघतेय. हात लावू द्यायचे नाहीत, म्हणून काय येणार नाही?"

आईने पदर खोचला, चष्मा नसल्यामुळे डोळे बारीक केले आणि मशीन सुरू केलं. लाकडाचा भुसा उडाला. तिने जीभ दातांत धरली होती. काका फाटकापलीकडून "वहिनी, सांभाळून!" ओरडत होते आणि ती मान वर न करता "बघतेय, भावजी!" म्हणत होती. निम्मं वर्तुळ झाल्यावर तिने मशीन थांबवलं. सगळ्यांना वाटलं, आता तिला भरून आलं. तिने केसांतला भुसा झटकला, म्हणाली, "मजा आहे की," आणि उरलेलं अर्धं कापायला घेतलं.

लाकडाचं कडं फळ्यांच्या सांध्यावर दुभंगलं आणि त्याची दोन अर्धगोल वळणं खाली पडली. रांजण गोधडीवर अलगद टेकला. पुढचं सगळं भराभर झालं. रांजण बाहेर काढला, टेबल मागे ओढून अंगणात आणलं, फरशीवर रांजणाखाली ठेवायचे चिनीमातीचे पाय मांडले, त्यावर रांजण बसवला, जाळ्या आणि झाकण परत लावलं. थोरलीने खालचं दार पुढे वळवून घेतलं, झाकण पूर्ण उघडून मागे कुठे लाकडाला लागत नाही ना ते पाहिलं आणि रांजणाभोवतीच्या मोकळ्या जागेतून हात फिरवला. हात कुठेच अडला नाही.

टेम्पोवाल्याने कोळसा आणून दिला. आता निघून जायचं त्याच्या मनातच नव्हतं. दुपारी रांजण पेटला. आत बटाटे, कांदे आणि मक्याची कणसं गेली. फायरवाले बादली घेऊन अगदी जवळ उभे राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी टेबलाच्या कडेला तळहात लावला आणि त्यांचा चेहरा पडला.

"कोमट आहे," ते म्हणाले. "नुसतं कोमट."

"बसा आता, बटाटा घ्या," थोरली म्हणाली. त्यांच्यामागून तिनेही त्याच जागी तळहात ठेवला आणि कोणी बघत नाही असं पाहून जरा वेळ तसाच राहू दिला.

काका एका बाजूला फुगून बसले होते. पहिला बटाटा त्यांनी नको म्हणून घेतला, दुसरा न विचारता घेतला. तिसऱ्या वेळी म्हणाले, "मीठ कमी आहे," तेव्हा तह झाल्याचं सगळ्यांनी ओळखलं.

"रांजण इथेच राहणार, काका," थोरली तरीही म्हणाली. तिला ते मोठ्याने बोलायचंच होतं.

"हो गं बाई. कोण नेतंय?"

निघताना ते वाकले. लाकडाची कापून पडलेली वळणं अजून भुशात होती. त्यातलं एक त्यांनी उचललं, भुसा फुंकला आणि आतल्या गुळगुळीत कडेवरून अंगठा फिरवला. मग वहिनींकडे पाहिलं. आईने मान डोलावली.

टेम्पोवाल्याने मागची फळी उघडून ठेवली होती. "साहेब, सामान?"

काकांनी लाकडाचं वळण रिकाम्या टेम्पोच्या मधोमध ठेवलं, विचार केला, परत काढलं आणि मांडीवर घेऊन पुढे बसले.

"एवढंच?" टेम्पोवाल्याने विचारलं.

"खड्डे बघून चालव," काका म्हणाले. "नाजूक सामान आहे."