टिकाऊ सावली, नमुना क्रमांक सात

सावली ही माणसाची मूलभूत गरज आहे, यावर आजवर कुठल्याही समितीत मतभेद झालेले नाहीत. परंतु जी सावली आपोआप पडते, तिच्यासाठी कुणाला जबाबदार धरता येत नाही. आणि जिच्यासाठी कुणाला जबाबदार धरता येत नाही, तिला फार तर योगायोग म्हणता येईल, नागरी सुविधा म्हणता येणार नाही. आमच्या कोकबुलोक गावात लोक पिढ्यान्‌पिढ्या योगायोगाखाली बसून चहा पीत आले. हा प्रकार थांबवण्याचं श्रेय आमच्या समितीचं. मी तिचा चिटणीस. (पूर्वी शाळेत भूगोल शिकवत होतो. सूर्य कुठून उगवतो आणि कुठे मावळतो, हे खात्रीनं माहीत असलेला समितीत मी एकटाच.)

झालं असं, की वसंतात जिल्हा कचेरीतून आदेश आला. द्राक्षांचा हंगाम संपण्याच्या सुमारास राजधानीतून एक थोर पाहुणे आमच्या तोकझोर महल्ल्यातून जाणार होते. तोवर मुख्य रस्त्यावरच्या प्रत्येक दारावर आणि खिडकीवर एकसारखे, टिकाऊ, घडीचे आणि धातूचे छज्जे बसवावेत. आदेशात विशेषणं चार होती. सावली हा शब्द त्यात नव्हता. पुढचं समजायला सोपं जावं, म्हणून हे आत्ताच सांगून ठेवतो.

समितीचे अध्यक्ष जुराकुल-अका, आमच्या महल्ल्याचे रईस. (अका म्हणजे थोरला भाऊ. रईस म्हणजे महल्ल्याचा प्रमुख. ते बहुमतानं निवडून आले, कारण दुसरं कुणी उभंच नव्हतं.) दुसरे इंजिनिअर इस्मतुल्ला, जिल्ह्याहून आलेले. जगातल्या प्रत्येक वस्तूला उतार किती अंशांचा असावा हे त्यांना पाठ. तिसरा उस्ता (म्हणजे कारागीर) मेली, पत्र्याचं काम करणारा. तो धुराडी करतो, बादल्या करतो आणि कुणी ऐकणारा मिळाला तर भाषणही करतो.

पहिली सभा महल्ल्याच्या कचेरीत झाली. कचेरीचं छप्पर पत्र्याचं आणि दिवस चिल्ल्याचे, म्हणजे आमच्या उन्हाळ्यातले सगळ्यात करपवणारे. अध्यक्षांचा घाम इतिवृत्तावर पडून एक ठराव वाचता येईनासा झाला. (तो बहुधा पंख्याबद्दल होता.) तेव्हा यापुढच्या सभा सलोमत-आपांच्या दारात घ्याव्यात असं एकमतानं ठरलं.

सलोमत-आपांचं घर रस्त्याच्या कडेला, पश्चिमेकडे तोंड करून. (आपा म्हणजे थोरली बहीण.) दारापुढे लोखंडी पाइपांचा मांडव, त्यावर द्राक्षाची वेल, आणि वेलीखाली आठजण मांडी घालून बसतील एवढी मोठी लाकडी बाज. वेल त्यांच्या नवऱ्यानं, रहमोन-अकांनी, लावलेली. ते गेले, वेल राहिली. दर शरदात आपा ती मांडवावरून सोडवून, गुंडाळून, थंडीसाठी मातीत पुरतात आणि मार्चमध्ये उकरून पुन्हा चढवतात. मे ते सप्टेंबर त्या तिच्याखालीच झोपतात, कारण पश्चिमेची खोली रात्रीही भट्टीसारखी असते. आपा जन्मभर प्रसूतिगृहात सुईण होत्या. अर्ध्या महल्ल्याला पहिली चापट त्यांनीच मारलेली, त्यात रईसही आले.

आपांच्या चहाबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे पाहुण्याला पियाला अर्धाच भरून देतात, म्हणजे पुन्हा पुन्हा भरता येतो. अर्धा पियाला म्हणजे बसा, तुम्ही आलात बरं वाटलं. अर्धा पियाला पुढे असताना उठणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर दार आपटणं. काठोकाठ भरलेल्या पियाल्याचा अर्थ उलटा: आता निघा. तसा पियाला मी आयुष्यात एकदाच पाहिला होता, एका मुलाच्या बापापुढे, मुलीच्या घरी. त्या सोयरिकीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

तर वेलीखाली बसून, वेलीची द्राक्षं खात, अर्ध्या पियाल्यांवर आम्ही टिकाऊ छज्ज्याचा आराखडा आखू लागलो. टिकाऊपणाचा अभ्यास करताना आधी टिकू न देणाऱ्या गोष्टी शोधाव्या लागतात. पहिला शत्रू पाऊस, कारण गंज. दुसरा वारा, कारण बिजागऱ्या. तिसरा ऊन, कारण रंग उडतो. चौथा आणि सर्वांत घातक शत्रू म्हणजे रहिवासी, कारण तो छज्जा उघडतो. नमुना क्रमांक एक ते सहा यांत या शत्रूंचा एकेक करून बंदोबस्त झाला. नमुना क्रमांक सातमध्ये सगळं जुळून आलं. हा छज्जा पावसात, वाऱ्यात आणि सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा मिटलेला ठेवायचा, एरवी कुलूप, किल्ली रईसांकडे. अशा रीतीनं वापरल्यास तो चाळीस वर्षं नव्यासारखा राहील, याची हमी उस्ता मेलीनं छातीवर हात ठेवून दिली.

चाचणी रीतसर घेतली. भर दुपारी एक छज्जा उघडून आपांच्या शेजारच्या घराच्या खिडकीवर लावला. आपा आतून ताट घेऊन आल्या, त्यावर मांस भरलेले कच्चे समसे. त्यांनी ते शिडीवरून छज्ज्यावर मांडले आणि म्हणाल्या, "मेली, तंदूर चांगला केलास हो. आता खाली बसून चहा पिता येईल असंही काही कर."

"आपा, चेष्टा नको," इंजिनिअर म्हणाले. "छज्ज्याखाली सावलीचं क्षेत्रफळ बघा. अगदी आराखड्याप्रमाणे."

"क्षेत्रफळ आहे रे. पण त्यात उभं कोण राहील?"

"ते आदेशात नाही," इंजिनिअर म्हणाले, आणि हे खरं होतं. समसे छान खरपूस झाले. (चाचणी यशस्वी, अशी मी नोंद केली. कशाची, ते लिहिलं नाही.)

ऑगस्टअखेर रस्त्यावरची सगळी घरं सजली, एक सोडून. आपांच्या दारावरच्या छज्ज्याचा दांडा जिथून फिरायला हवा, नेमकी तिथेच वेलीची खोडाएवढी फांदी होती. आराखडा बदलणं शक्य नव्हतं, कारण तो मंजूर झाला होता. वेल मंजूर झालेली नव्हती. तेव्हा वेल काढावी असा ठराव आला. तो वेलीखालीच मांडला गेला आणि चौघांनीही द्राक्षानं चिकट झालेले हात वर केले.

सांगायचं काम रईसांकडे आलं. त्यांनी घसा खाकरला. "आपा, ही वेल काढावी लागणार."

आपांनी किटली खाली ठेवली. "जुराकुल, बाळा, ही काढलीस तर मी उन्हाळा काढू कुठे? त्या खोलीत? रहमोन गेले तेव्हा मी तिथे दोन रात्री झोपले, तिसऱ्या दिवशी लोक मलाच उचलायला आले होते." मलाही वाईट वाटलं, आणि ते इतिवृत्तात कुठल्या सदराखाली घालावं हे समजेना. आपांनी पुन्हा किटली उचलली. "बरं. कापायला याल तेव्हा आधी चहा घ्या. उपाशी माणसानं माझ्या दारात करवत चालवलेली मला चालणार नाही."

आमच्याकडे असलं काम हशार घालून होतं, म्हणजे सगळा महल्ला मिळून, मजुरीशिवाय. रविवारी सकाळी माणसं करवती, कुऱ्हाडी आणि शिडी घेऊन आली. आपांनी सगळ्यांना बाजेवर बसवलं, उरलेल्यांना सतरंजी दिली आणि अर्धा पियाला पुढे केला. तो संपला, की पुन्हा अर्धा. मग पुलाव आला. पुलावावर चहा हवाच. एकजण करवतीकडे हात नेऊ लागला, तर त्याच्याच बापानं त्याला खेचून बसवलं. "लाज नाही वाटत? पियाला भरलाय ना तुझ्यापुढे, अर्धा!" सूर्य मावळला. अंधारात झाड तोडू नये असं सुरक्षा नियमांत आहे. मी अहवालात लिहिलं, वेल काढण्याचं काम समाधानकारकरीत्या सुरू झालं.

पुढच्या रविवारी काम समाधानकारकरीत्या पुढे सरकलं.

तिसऱ्या रविवारी इंजिनिअर इस्मतुल्लांनी हद्द केली. ते घरून स्वतःच्या चहाचा थर्मास घेऊन आले. दुसऱ्याच्या दारात स्वतःचा चहा! उस्ता मेली तर त्यांच्याशेजारून उठून दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. पण आपा रागावल्या नाहीत. "अगं बाई, चहाही आणलास? गुणाचा रे," असं म्हणून त्यांनी थर्मास काढून घेतला आणि त्याच चहानं सगळ्यांचे पियाले अर्धे भरले. इंजिनिअरांचाही.

आणि मग पाहुणे येण्याचा दिवस उजाडला. सकाळीच रईसांनी सगळी कुलपं काढली आणि रस्ताभर छज्जे उघडले. (त्यांच्या टिकाऊपणावर याचा झालेला परिणाम आम्ही एक दिवसापुरता सोसला.) पाहुणे भर दुपारी आले. जाडजूड, हसरे, काळ्या सुटातले. पहिल्या छज्ज्याखाली ते भाषण ऐकायला उभे राहिले. दुसऱ्या परिच्छेदाला त्यांनी कॉलर सैल केली. तिसऱ्याला त्यांचं हसू गेलं. त्यांनी रस्त्याच्या टोकापर्यंत नजर टाकली, त्यांना तिथे काहीतरी हिरवं दिसलं, आणि भाषण तिथेच सोडून ते चालू लागले. मागे सगळी कचेरी. पाहुणे आपांच्या बाजेवर बसले, कोट काढला, जोडेही काढले. आपांनी अर्धा पियाला पुढे केला.

"हे उत्तम आहे," पाचव्या पियाल्यानंतर पाहुणे म्हणाले. "हा छज्जा कुणी केला?"

रईसांनी मेलीकडे पाहिलं. उस्ता मेली पुढे सरसावला. "समितीनं, साहेब."

"घडीचा आहे?"

"शरदात उतरवून, गुंडाळून मातीत ठेवतात, साहेब. मार्चमध्ये उघडतात."

"धातू?"

"मांडव लोखंडी, साहेब. पाइप."

"टिकाऊ?"

"तो लावला तेव्हा," आपा म्हणाल्या, "माझ्या तोंडात सगळे दात होते."

पाहुण्यांनी समितीशी हात मिळवले. महिन्याभरात समितीला सन्मानपत्र मिळालं, आणि मागोमाग नवा आदेश: सदर हिरवा नमुना अत्यंत उपयुक्त असून तो संपूर्ण जिल्ह्यात बसवावा, त्यासाठी त्याची धातूत प्रतिकृती करावी, पानंही पत्र्याची, हिरव्या रंगाची, साचा काढण्यासाठी मूळ नमुना मुळासकट काढून कारखान्यात जमा करावा.

आम्ही पुन्हा हशार घातला. तीच माणसं, त्याच करवती. रईसांनी आदेश वाचून दाखवला. आपांनी तो शेवटपर्यंत ऐकला. मग त्या किटली घेऊन आल्या, रईसांपुढचा पियाला घेतला आणि ओतू लागल्या. अर्धा झाला. त्या थांबल्या नाहीत. चहा काठाला आला, वर फुगला, आणि एक थेंब रईसांच्या गुडघ्यावर पडला. मग त्यांनी माझा पियाला घेतला.

रईसांनी त्या पियाल्याकडे असं पाहिलं, जसं त्यांना जन्मताच पडलेली ती पहिली चापट आत्ता आठवली. ते उठले. मग मेली उठला, मी उठलो, सतरंजीवरचे सगळे उठले आणि जोडे हातात घेऊनच रस्त्यावर आले. इंजिनिअर इस्मतुल्ला तेवढे करवत घेऊन मागे राहिले. पण शिडी धरायला दुसरा माणूस लागतो.

तेव्हापासून आम्हाला त्या दारात पाऊल टाकता येत नाही. वेल आहे तिथेच आहे, आपा तिच्याखाली झोपतात. समिती आता नमुना क्रमांक सातखाली बसते. काम चालू आहे, सभा मात्र फार आटोपशीर होतात. मूळ नमुना न मिळाल्यामुळे पत्र्याच्या पानाचं चित्र मी आठवणीनं काढून दिलं. (भूगोल शिकवण्याची सवय, त्यामुळे नमुना क्रमांक आठची पानं किंचित ऑस्ट्रेलियासारखी दिसतात.) ही पानं गळत नाहीत, कुजत नाहीत, त्यांवर पक्षी बसत नाहीत. उन्हात हात लावला तर का बसत नाहीत तेही कळतं.

तुम्ही मघापासून आम्हाला हसताय, हे मला ठाऊक आहे. हसा. आमच्या या पत्र्याच्या पानांना पहिली परदेशी मागणी तुमच्याकडूनच आली आहे, एका गृहनिर्माण सोसायटीकडून. आवारातल्या झाडाची पानं गाड्यांवर पडतात, म्हणून ते झाड तोडायचं ठरलं आहे. आणि झाड गेल्यावर गाड्या तापतील, म्हणून तिथे पत्र्याची सावली हवी आहे. ठराव एकमतानं झाला आहे. उकाडा फार असल्यामुळे सभा हॉलमध्ये न घेता त्याच झाडाखाली खुर्च्या टाकून घेतली, असंही त्यात प्रामाणिकपणे नमूद केलं आहे. आमची काही तक्रार नाही, माल वेळेवर पोचेल. फक्त सह्यांमधली तिसरी सही, तिच्यावर त्याच झाडाचं पान पडून चिकटल्यामुळे, नीट लागत नाही, तेवढी तुमची तुम्ही पुन्हा करून पाठवा.