जावयाचे पैसे, आप्पांचा सत्कार

टॅक्स ऑफिसला आपल्या खिशातली एक पेनीसुद्धा जास्तीची मिळू द्यायची नाही, असा डॉ. अंबरीश खांबेटे यांचा बाणा होता. लीड्सच्या एका हॉस्पिटलात ते भूलतज्ज्ञ होते. दिवसभर पेशंटना झोपवायचं आणि संध्याकाळी घरी येऊन सरकारला कसं झोपवता येईल याचे मनसुबे रचायचे! पहिल्या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. दुसऱ्या कामाची ही हकीकत.

त्यांची एकुलती एक लेक शाल्मली. ती बारा वर्षांची झाली आणि तिच्या युनिव्हर्सिटीच्या खर्चासाठी आतापासूनच पैसे बाजूला टाकायचे, असं अंबरीशरावांनी ठरवलं. इथवर सगळं शहाण्या माणसासारखं चाललं होतं. पण मग त्यांनी नियम वाचले! आई-बापांनी मुलाच्या नावावर पैसे ठेवले आणि त्याचं व्याज वर्षाला शंभर पौंडांच्या वर गेलं, तर टॅक्स आई-बापांच्या डोक्यावर. तेच पैसे आजी-आजोबांनी दिले, तर मात्र ही भानगड नाही.

"म्हणजे सरकारच्या मते आजोबा देतात ते प्रेमानं, आणि बाप देतो तो लबाडीनं!" अंबरीशराव चहाचा कप आपटत म्हणाले. त्यांच्यापुरतं सरकारचं फारसं चुकलं नव्हतं, हे पुढे दिसेलच. "अनुराधा, आपल्याकडे आजोबा आहेत ना?"

"आहेत की. वर आडवे झालेत. उठवू?" अनुराधाबाई म्हणाल्या.

आजोबा म्हणजे अनुराधाबाईंचे वडील, विष्णुपंत मुळावकर. मुक्काम नागपूर. सगळे त्यांना आप्पा म्हणत. पत्नी गेल्यापासून ते नागपूरचा उन्हाळा टाळून दर वर्षी लीड्सला येत आणि इथल्या उन्हाळ्यात स्वेटर घालून बसत. अंबरीशरावांनी त्यांना सगळी योजना समजावून सांगितली. मी पैसे तुम्हाला देतो, तुम्ही ते शाल्मलीला द्या. बस!

आप्पांनी चष्मा काढला. "जावयाचे पैसे घेऊ मी? अहो बाप्पा! अंबरीशराव, लेकीच्या घरी पाऊल टाकलं की आधी तिच्या हातावर काहीतरी ठेवतो, मगच पाणी पितो मी. आणि तुम्ही माझ्याच हातावर ठेवता?"

"नुसतं नावाला हो आप्पा! या हातानं घ्यायचे, त्या हातानं द्यायचे."

"नाटक मला जमत नाही. घेतले तर ते माझे झाले. माझे झाले, तर मी ते माझ्या नातीला देईन. याच्या मधलं काही मला येत नाही."

"अहो, तेच तर पाहिजे! आणि कुणीही विचारलं, अगदी कुणीही, तर पैसे माझेच म्हणून सांगायचं."

कुणीही म्हणताना अंबरीशरावांच्या डोळ्यांसमोर टॅक्सवाला होता. तो काही सहा वर्षांत फिरकला नाही. बाकी झाडून सगळे आले!

आता आप्पांचा एक घोटाळा होता. त्यांना खोटं बोलता येत नसे. म्हणून बोलायच्या आधीच त्यांनी ते खरं मानून टाकलं. दर उन्हाळ्यात जावयाकडून पैसे घ्यायचे, देवापाशी ठेवायचे, शाल्मलीच्या कपाळाला कुंकू लावायचं आणि "मोठी हो" म्हणून ते बँकेत तिच्या खात्यात भरायचे. शाल्मली लहान म्हणून खात्यावर सही आप्पांची. दोन-तीन वर्षांत त्यांच्या डोक्यातून जावई पार पुसला गेला.

त्यातून अंबरीशरावांना साक्षीदार हवे होते. उद्या चौकशी झालीच, तर चार लोकांनी सांगायला नको का? म्हणून लीड्सच्या मराठी मंडळात जिथे चार डोकी जमतील तिथे, बार्बेक्यू असो की हळदीकुंकू, ते सुरू होत, "आमचे सासरे म्हणजे देवमाणूस! नातीच्या शिक्षणाचा सगळा भार त्यांनी उचललाय." लोक म्हणत, "नशीबवान आहेस लेका, तुला काही तोशीसच नाही!" हे ऐकून अंबरीशराव कसंनुसं हसत, पण टॅक्स वाचत होता.

पहिला दणका बसला तो शाल्मलीच्या ए-लेव्हल्सच्या, म्हणजे इथल्या बारावीच्या वर्षी. घरामागची काचेची कन्झर्व्हेटरी गळायला लागली. अंबरीशरावांनी विचार केला, खात्यातून थोडे काढू, पुढे भरू.

"आप्पा, इथे एक सही हवी होती. दोन हजार काढतोय."

"कशासाठी?"

"कन्झर्व्हेटरी गळतेय हो."

आप्पा उठले, कन्झर्व्हेटरीत गेले, वर बघून परत आले. "अंबरीशराव, हा पैसा शिक्षणाचा आहे. ही कन्झर्व्हेटरी कुठल्या इयत्तेत शिकते?"

"अहो पण, पैसे..."

"पैसे माझे आहेत, म्हणून तर विचारतो. मी दिलेला पैसा छपराला लागलेला मला चालणार नाही. तुम्ही कमावते आहात, तुमच्या पगारातून करा ना!"

अंबरीशरावांनी बायकोकडे पाहिलं. अनुराधाबाईंना बादली रिकामी करायची आठवण झाली. पुढचे दोन महिने घरात चार बादल्या होत्या.

ऑगस्टमध्ये शाल्मली अठरा वर्षांची झाली, खातं रीतसर तिच्या हातात गेलं आणि तिला एडिनबराला मेडिसिनला प्रवेशही मिळाला. खात्यात बावीस हजार पौंड जमले होते. पाच वर्षांची फी, राहणं-खाणं, पुस्तकं, सगळ्याचा हिशेब अंबरीशरावांच्या डोक्यात पक्का बसला होता. साल २००६. फिया त्याच वर्षी वाढल्या होत्या आणि इतर बाप घाम पुसत होते. अंबरीशराव शीळ घालत होते!

मग गणपती आले. मंडळाचा गणपती एका चर्चच्या हॉलमध्ये बसायचा. आरती झाली आणि अध्यक्षबाईंनी माइक हातात घेतला.

"यंदा आपण एका आदर्श आजोबांचा सत्कार करणार आहोत! नातीच्या मेडिसिनच्या शिक्षणाची सगळी तजवीज ज्यांनी आपल्या कष्टाच्या पैशातून केली, ते आदरणीय विष्णुपंत मुळावकर! आणि हा सत्कार होतोय त्यांच्या जावयाच्या हस्ते!"

कडकडाट! अंबरीशराव स्टेजवर गेले. आपल्याच बावीस हजारांबद्दल त्यांनी सासऱ्यांना शाल पांघरली, नारळ दिला आणि वाकून नमस्कार केला. आप्पांच्या डोळ्यांत पाणी होतं. अंबरीशरावांच्याही होतं, पण त्याचं कारण वेगळं होतं.

आप्पांनी माइक घेतला. "द्यायला पैसा लागत नाही," ते म्हणाले, "मन लागतं!"

पुन्हा कडकडाट! तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, "आप्पा, आणि क्षितिजला काय?"

हा आवाज राजीवचा. राजीव म्हणजे अनुराधाबाईंचा धाकटा भाऊ. हाउन्सलोला राहायचा आणि हीथ्रोवर कार्गोत नोकरी करायचा. खास सत्कारासाठी बायको-मुलासह गाडी हाकत आला होता. त्याचा क्षितिज पुढच्या वर्षी युनिव्हर्सिटीला जाणार होता. राजीवनं हे हसत हसत विचारलं खरं, पण हॉलमधल्या सगळ्या माना मागे वळल्या.

आप्पांनी क्षणाचाही विचार केला नाही. "क्षितिज काय परका आहे? मला दोन्ही डोळे सारखेच! जे शाल्मलीचं, त्यातलं अर्धं क्षितिजचं!"

टाळ्या थांबेनात. अंबरीशरावांनीही वाजवल्या. स्टेजवर उभं राहून दुसरं करणार काय?

घरी आल्यावर त्यांनी आप्पांना स्वयंपाकघरात गाठलं. "आप्पा, अहो अकरा हजार पौंड! ते काही तुमचे... म्हणजे मुळात ते माझे..."

"हळू बोला!" अनुराधाबाई दार लावत म्हणाल्या. "राजीव वरच्या खोलीत आहे!"

आप्पा खुर्चीत बसले. सहा वर्षांनी पहिल्यांदाच त्यांच्या डोक्यात जावई परत आला. अंगावरची शाल त्यांनी हळूच काढून घडी केली. "खरंच की," ते म्हणाले. "ते तुमचे होते, नाही का? मग आता मुलाला काय सांगू मी? की बाप जावयाच्या पैशावर शाल पांघरून आला?"

त्यांचा चेहरा एवढासा झाला. अंबरीशरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. अकरा हजारांचं दुःख होतंच, पण हा गुणी म्हातारा आपणच या चिखलात ओढून आणला, याची लाज त्याहून मोठी होती. "झोपा तुम्ही आप्पा," ते म्हणाले. "बघतो मी काहीतरी."

दुसऱ्या दिवशी ते नीनाकडे धावले. नीना अनुराधाबाईंची मैत्रीण आणि पक्की अकाउंटंट. तिनं सगळं ऐकलं, आधी पोट धरून हसली आणि मग गंभीर झाली.

"अंबरीश, तू गाढव आहेस. आप्पांच्या हातून फिरवलेस म्हणून काय झालं? पैसे तुझ्या खिशातून आले, तर टॅक्सच्या हिशेबात ते बापानंच दिलेले. सहा वर्षांचा टॅक्स, त्यावर व्याज, वर दंड. त्यांनी विचारायच्या आधी तू होऊन सांगितलंस, तर दंड कमी."

"म्हणजे पैसे माझेच ना? मग मी अर्धे क्षितिजला द्यायला नाही म्हणू शकतो!"

"तू कोण नाही म्हणणारा? शाल्मली अठराची झाली. पैसे तिचे."

"अगं, मग ते आहेत तरी कुणाचे?"

"नावाला आप्पांचे, खर्चायला शाल्मलीचे, आणि टॅक्स भरायला तुझे!"

आता एकच आशा उरली होती. शाल्मलीला विश्वासात घेऊन खरं सांगायचं. त्या शनिवारी ते तिला एडिनबराला सोडायला निघाले. गाडीत गादी-पांघरूण, राइस कुकर, प्रेशर कुकर आणि अनुराधाबाईंनी दिलेली चकल्यांची बरणी. न्यूकॅसल मागे पडल्यावर त्यांनी घसा साफ केला.

"शाल्मली, आप्पा परवा ते अर्ध्याचं बोलले ना..."

"ओ, डोंट वरी बाबा, मी केला ते. काल क्षितिजला हाफ ट्रान्सफर केली."

गाडी शेजारच्या लेनमध्ये गेली. मागच्या लॉरीनं बोंब ठोकली. अंबरीशरावांनी पहिल्या सर्व्हिस स्टेशनवर गाडी घेतली आणि इंजिन बंद केलं.

"विचारायचं तरी मला!"

"तुला का? आप्पांची पैसा आहे ना! त्यांनी सगळ्यांसमोर प्रॉमिस केली. मग मी ठेवून घेतली तर किती मीन दिसेल!"

"अगं, ते आप्पांचे नव्हतेच! माझे होते. सगळेच्या सगळे!"

शाल्मली गर्रकन त्यांच्याकडे वळली. "व्हॉट? मग तू सगळ्यांना खोटा का बोलला?"

"टॅक्ससाठी."

"बाबा! दॅट्स फ्रॉड!"

"फ्रॉड नाही गं... प्लॅनिंग."

"आणि आप्पा? त्यांनी पण खोटा बोलला? एव्हरी यर मला कुंकू लावायचे, मोठी हो म्हणायचे, ते सगळा अ‍ॅक्टिंग होती?" तिचा आवाज कापायला लागला. "मी मेडिसिनच्या अ‍ॅडमिशनच्या पर्सनल स्टेटमेंटमध्ये त्यांच्याबद्दल लिहिली आहे, बाबा!"

अंबरीशरावांनी लेकीकडे पाहिलं. अकरा हजार तर गेलेच होते. आता आजोबाही जायला निघाले होते. टॅक्सच्या नियमांत त्यांना पळवाटा पटापट सापडायच्या, इथे मात्र एकही दिसेना. शेवटी त्यांनी खो खो हसायला सुरुवात केली.

"फसलीस ना? चेहरा बघ कसा झालाय! अगं वेडे, गंमत केली. आप्पांचेच आहेत पैसे. माझ्याकडे कुठून येणार एवढे?"

शाल्मलीनं त्यांच्या दंडावर एक ठेवून दिली. "यू आर सो वीअर्ड! आणि यू नो, तू पण आप्पांसारखा जनरस झाला पाहिजे."

"प्रयत्न करतो," अंबरीशराव म्हणाले आणि त्यांनी गाडी सुरू केली. कमी पडणारे अकरा हजार आता पाच वर्षं जादा ड्यूट्या करून भरायचे होते.

रविवारी राजीवचा फोन आला. "भाऊजी, पैसे पोचले हं! आप्पांचं मन बघा. तुम्ही-आम्ही नुसते कमावतो, देणारा माणूस वेगळाच असतो."

"अगदी बरोबर," अंबरीशराव म्हणाले. शेजारी आप्पा बसले होते. त्यांनी मान खाली घातली आणि जावयाचा हात हातात घेऊन कितीतरी वेळ सोडलाच नाही.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत अंबरीशराव हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये गाडीत जाऊन बसले, काचा वर केल्या आणि टॅक्स ऑफिसला फोन लावला. पलीकडे एक यॉर्कशरच्या बाई होत्या. आप्पा, कुंकू, बँक, सहा वर्षं, सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"थांबा हं, लव्ह," त्या यॉर्कशरच्या सवयीनं म्हणाल्या. "म्हणजे नाव सासऱ्यांचं. पण पैसे पहिल्यापासून तुमचेच? सगळे?"

अंबरीशरावांनी फोन कानाला घट्ट धरला.

"हो," ते म्हणाले. "प्लीज, एकदा पुन्हा म्हणाल?"

बाईंनी पुन्हा म्हटलं. मग टॅक्स, व्याज आणि दंड असं सगळं भरावं लागेल, हेही सांगितलं. अंबरीशरावांनी त्यांचे आभार मानले, तेही अगदी मनापासून!