रिग्रेट प्रॉपर पायजे

गावंडे सरांसमोर मराठीत हळहळायची सोय नाही. हळहळलात की मेलात.

अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांचा ओटा आणि माझी पिठाची चक्की समोरासमोर. मागे एकदा चक्कीची मोटर जळाली. धूर निघतोय, मी कपाळावर हात मारून ओरडतेय, "वेळेवर बंद केली असती तं वाचली असती वो!" तर हा माणूस ज्वारीचा डबा खाली ठेवतो आणि बोट वर करून म्हणतो, "वहिनी, से इट इन इंग्लिश. इफ आय हॅड स्टॉप्ड इट..."

"सर, मोटर जळून राहिली अन् तुमी इंग्रजी शिकवून राहिले!"

"चुकलं तं चुकलं. पण रिग्रेट प्रॉपर पायजे."

आता बोला! जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, निवृत्त झाले आणि अख्खी गल्ली वर्गात बसवली. दूध उतू जावो की बस चुको, 'असं केलं असतं तर तसं झालं असतं' हे इंग्रजीत म्हटल्याशिवाय सुटका नाही. शेजारचे म्हातारबुवा गेले, तर सांत्वनाला जाऊन त्यांच्या मुलाकडून 'तंबाखू सोडली असती तर'चं वाक्य म्हणून घेतलं. तेही दोनदा, पहिल्यांदा चुकलं म्हणून! तो बिचारा एकीकडे रडतोय, एकीकडे क्रियापद शोधतोय. लाज नावाची वस्तू आहे की नाही?

पण मी खरी पेटले ती मागच्या दसऱ्याला. सरांची एकुलती एक वर्षा. आई नाही तिला. तिनं अमरावतीत न सांगता रजिस्टर लग्न केलं होतं. बाप बोलेना. शेवटी दसऱ्याला नवऱ्याला घेऊन सोनं द्यायला आली. त्या दिवशी आमच्याकडे वैरीसुद्धा सोनं देऊन गळ्यात पडतात. बापाचा स्वभाव ठाऊक, म्हणून पोरगी माफीसुद्धा इंग्रजीत पाठ करून आलेली. ओट्याखाली उभी राहून म्हणाली, "बाबा, इफ आय वूड हॅव टोल्ड यू, यू वूड हॅव कम."

सरांचं बोट वर गेलं. "इफच्या घरात वूड येत नाही. अगेन."

अगेन! पोरीनं आपट्याची पानं ओट्यावर ठेवली आणि डोळे पुसत निघून गेली.

"काहून असं केलं सर? लेकरू रडत गेलं ना!"

"रिग्रेट प्रॉपर..." म्हणाले, पण पुढचं त्यांच्याच तोंडून निघेना.

मग मीही सूड घेतला. वर्षभर त्यांची ज्वारी मुद्दाम जाड दळली. खा म्हटलं खरबरीत भाकरी! तेवढ्या-तेवढ्यावरून भांडणारा माणूस, पण चकार शब्द काढला नाही. संध्याकाळी ओट्यावर एकटेच पुटपुटत बसायचे, "इफ आय हॅड..." आणि थांबायचे. गल्लीभर वाक्यं पुरी करून घेणाऱ्याला स्वतःचं पुरं करता येत नव्हतं. मला दया यायची, आणि दया आली की आणखी संताप यायचा.

यंदा मीच वर्षाला फोन केला. "शेवटचं ये बाई. या खेपेला बोट वर केलं तं मी मोडीन."

दसऱ्याला मी चक्कीला हार घालत होते, तेवढ्यात दोघं आली. पोरगी घाबरून पुन्हा तेच बोलली, जसंच्या तसं चुकीचं!

सरांचं बोट वर गेलं. हवेत थोडं थांबलं. मग त्याच हातानं त्यांनी पानं घेतली.

"करेक्ट," सर म्हणाले. "एकदम करेक्ट. घरात या, जावईबापू."

करेक्ट! इतकी वर्षं मी त्यांच्यापुढे इंग्रजीत घाम गाळला, मला एकदा तरी म्हटलं का करेक्ट? मी तिथेच पदर डोळ्यांना लावला, तो रागानंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर ज्वारीचा डबा घेऊन आले. डबा ठेवला, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "वहिनी, आज बारीक दळा. पोरीले जाड भाकर जात नाही."

म्हणजे या माणसाला वर्षभर सगळं ठाऊक होतं!