माल परत

मुलांनो, आमच्या शेजारच्या नाना साव्यांना घरी आलेली नवी बाई तपासायची असली, की ते बायकोच्या शेजारच्या खाटेवर स्वतः आडवे व्हायचे, अंग सैल सोडायचे आणि म्हणायचे, "चला, मी पेशंट. कूस बदला."

बाई म्हणजे आजारी माणसाची सेवा करायला येणारी. बोईसरच्या एका ब्युरोतून पाठवतात. नानांच्या बायकोची, सुमनची, उजवी बाजू पक्षाघाताने गेली, तेव्हापासून सातपाटीजवळच्या माहीममधल्या आमच्या वाडीत अशा कितीतरी बाया आल्या आणि गेल्या.

नानांची सगळी नोकरी तारापूरकडच्या एका कापड कारखान्यात तागे तपासण्यात गेली. डाग दिसला, सूत तुटलेलं दिसलं, की "माल परत!" घरातही तेच. भेंडी जून निघाली, परत. जावयाने आणलेली छत्री, परत. एकदा माझी वाटीभर खीर चाखून त्यांनी वाटी कुंपणावरून माझ्याच हातात दिली. "ताई, साखर तळाला बसलीय. माल परत." मी रागावले नाही. साखर खरंच तळाला बसली होती.

तर पेशंट झालेले नाना चादरीवरच्या सुरकुत्या पाठीने शोधायचे. पेज भरवून घ्यायचे आणि मध्येच ओठ घट्ट मिटायचे. "आता काय कराल? पेशंट खात नाही!" एक बाई हसत सुटली. दुसरीने सरळ त्यांचं नाक दाबलं. तिला नानांनी "फर्स्ट क्वालिटी" म्हटलं.

पण ती फर्स्ट क्वालिटीही संध्याकाळी पिशवी घेऊन निघाली, कारण शेवटचा शब्द सुमनचा. आजारानंतर तिच्या जिभेवर तेवढा एकच शब्द स्पष्ट उरला होता. बाईने सुमनची वेणी घातली की नाना दारातून विचारायचे, "काय सुमन, पास?" सुमन म्हणायची, "परत."

संपलं. नवरा-बायको एकाच कारखान्यातले, असं आम्ही म्हणायचो.

शेवटी ब्युरोवाल्याने सांगून टाकलं, "काका, ही शेवटची. हिलाही घालवलंत, तर काकूंना एखाद्या संस्थेत ठेवायचं बघा." त्या दिवशी नाना जेवले नाहीत.

शेवटची आली ती सातपाटीची जयवंती. आवाज बंदरापर्यंत जाईल असा. खाटेवर आडवे झालेले नाना बघून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"पेशंट कोन हाय? तुमी का ती?"

"मी सॅम्पल."

"मंग उठा, सॅम्पल. आमी आजाऱ्याची सेवा करतो, नाटकाची नाय."

सुमन घशातल्या घशात हसली. मी तिथेच बसले होते, मी ऐकलं.

संध्याकाळी जयवंतीने वेणी घातली. नाना दारात आले, पण विचारायचा धीर होईना. "काय सुमन... पास?"

"परत."

नाना भिंतीला टेकले. जयवंती पिशवीकडे वळली. तेवढ्यात सुमनने डाव्या हाताने आपली वेणी खसकन ओढून सोडली, फणी उचलली आणि जयवंतीच्या हातात कोंबली. "परत! परत!"

"आगं बाय, पुना घालू?"

सुमनने मान हलवली आणि सुखाने डोळे मिटले.

इंग्रजीत याला दोन निराळे शब्द आहेत, तुम्ही घरातही इंग्रजी बोलता, तुमच्याकडे ही पंचाईत झालीच नसती. आणि साव्यांच्या घरात तो शब्द वर्षानुवर्षं एकाच अर्थाने वावरलेला.

नाना ओट्यावर जाऊन बसले. मला वाटलं, घालवलेल्या बाया आठवत असतील. पण ते म्हणाले, "ताई, पहिली वेणी मीच घातली होती, दवाखान्यातून आणली त्या दिवशी. ती म्हणाली, परत. मला वाटलं, मी रिजेक्ट. म्हणून तर ब्युरोला फोन केला."

जयवंती राहिली. अंघोळ, पेज, औषधं सगळं तिच्याकडे. वेणी मात्र नानांची. एक पेड जाड, एक बारीक. असा तागा त्यांनी कारखान्याच्या दारातच अडवला असता. सुमन वेणी पुढे घेऊन चाचपते आणि म्हणते, "परत."

नाना वेणी सोडतात आणि पुन्हा घालायला घेतात.