एक टिक मऊ

आमच्या सोसायटीत कुणी नवं राहायला आलं की विलासदादा जगताप त्याला नाव विचारत नाहीत. एकदा खालपासून वरपर्यंत बघतात आणि म्हणतात, "अडुसष्ट. फार तर एकोणसत्तर." समोरच्याला वाटतं, आपण चुकून दुसऱ्याच घराचा नंबर सांगितला की काय. मग दादा खुलासा करतात, "किलो. तुमचं वजन म्हणतोय. वेळ असेल तर आमच्या गाडीत जरा येऊन बसता का?"

मी शहराच्या टोकाला छाणीत घर घेतलं तेव्हा सामानाचा टेम्पो अजून दारात उभा होता आणि मला हाच प्रश्न आला होता. बाईमाणसाला वजन विचारायचं नसतं हे दादांच्या गावीही नव्हतं. त्यांनी विचारलंच नाही म्हणा, सरळ सांगून टाकलं. वर म्हणाले, "माझ्यापेक्षा थोड्या जास्त आहात ताई, पण चालशे. चप्पल काढून बसा." मी शाळेत गणित शिकवते. चपलेने किती फरक पडतो हे मला चांगलं कळतं. तरी का कोण जाणे, मी निमूट चप्पल काढली आणि त्या लाल गाडीत ड्रायव्हरच्या जागी जाऊन बसले. पाऊण तासाने सुनंदावहिनी, म्हणजे दादांच्या पत्नी, चहा घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, नवीन आल्यात त्या. निदान त्यांचं कुलूप तरी उघडू द्यायचं होतंत."

ही लाल गाडी म्हणजे दादांचा जीव. तशी साधीच, छोटी, पंधरा-वीस वर्षांची जुनी. पण दादा ती शर्यतीत चालवतात. शर्यत म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर जे येतं तसलं काही नसतं ते. हालोलच्या बाजूला एका मोकळ्या मैदानात शंकूसारखे प्लास्टिकचे खांब मांडतात. त्यांच्यामधून एका वेळी एकच गाडी वळणं घेत पळवायची आणि ज्याला वेळ कमी लागेल तो जिंकला. याला ऑटोक्रॉस म्हणतात. वर्षातून दोनदा तीनदा होते. येणारे सगळे हौशी, कुणी दाताचा डॉक्टर, कुणी टाइल्सचा व्यापारी. त्यांच्यात आमचे दादा, ड्रॉइंग ऑफिसातून रिटायर झालेले, साठी उलटलेले आणि सर्वांत गंभीर.

कारण दादांच्या मते शर्यत मैदानात होतच नाही. ती होते आमच्या सोसायटीच्या रस्त्यावर, आदले दोन महिने. चाक आणि गाडी यांच्यामध्ये स्प्रिंग असते, धक्का शोषून घेणारा जंपर असतो. त्यांना एकूण म्हणायचं सस्पेन्शन. ते नीट बसवलं की गाडी वळणावर पाय रोवून उभी राहते, नाहीतर खांब उडवत जाते. हे बसवण्यासाठी दादा चारही चाकांखाली चार वजनकाटे ठेवतात आणि कुठल्या चाकावर किती भार पडतो ते बघतात. मग स्प्रिंगखालची कडी जराशी फिरवून हा कोपरा वर, तो कोपरा खाली करत बसतात. आता गाडी चालवताना आत दादा असणार, म्हणजे भार मोजतानाही त्यांच्या वजनाचं कुणीतरी आत हवं. आणि दादा तर गाडीखाली. म्हणून सगळ्या सोसायटीची भरती.

समोरचे हसमुखभाई यात सगळ्यांत जुने. माणूस दिलदार, पण एका जागी गप्प बसणं त्यांच्या पत्रिकेत नाही. एकदा सकाळभर काट्यांचे आकडे जुळेनात. दादा घामाघूम. कडी फिरवली, चाकांतली हवा बघितली, काटे अदलाबदल केले, आकडे आपले हलतातच. शेवटी गाडीखालून डोकं काढून बघतात तर हसमुखभाई खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर लटकून छासवाल्याशी ताकाचा भाव करतायत.

"हसमुखभाई, सीधा बेसो!"

"बेठो ज छुं ने!" हसमुखभाई आत येत म्हणाले. "पण विलासभाई, चा क्यारे?" चहा कधी, हे त्यांना आकड्यांपेक्षा महत्त्वाचं.

चाकं सरळ आहेत का हे बघायची दादांची पद्धत आणखी न्यारी. उत्तरायणात उरलेला पतंगाचा साधा दोरा ते गाडीच्या दोन्ही बाजूंनी ताणून बांधतात आणि प्रत्येक चाकाचं त्या दोऱ्यापासूनचं अंतर पट्टीने मोजतात. हा दोरा दिसत नाही. आमचा दूधवाला दोनदा त्यात अडकला. तिसऱ्यांदा तो कोपऱ्यावरच थांबला आणि ओरडला, "काका, दोरी छे के नथी?" दादांच्या घरी दूध उशिरा येतं त्याचं कारण हेच.

जंपरवर एक छोटं बटण असतं. ते फिरवलं की टिक असा आवाज होतो. एका बाजूला फिरवलं की जंपर कडक, दुसऱ्या बाजूला मऊ. त्यामुळे दादांच्या बोलण्यात जगातली प्रत्येक गोष्ट टिकमध्ये मोजली जाते. आमटी झाली की, "छान आहे, तिखट एक टिक कमी चाललं असतं." मी वर्गातल्या पोरांवर किती ओरडले ते सांगत असले की, "ताई, एक टिक मऊ." लग्नात बँडवाल्याच्या कानाशी जाऊन हेच सांगताना मी त्यांना पाहिलंय. वहिनी म्हणायच्या, "आमच्या ह्यांचे पणजोबा संस्थानच्या वेळी सरकारांच्या घोडदळात होते. त्यांनी घोडा पाळला, ह्यांनी हा पाळलाय. घोडा निदान लीद तरी देत असेल."

वहिनींचा त्या गाडीवर रागच होता. शर्यतीसाठी ती इतकी खाली बसवलेली आणि इतकी कडक, की जुन्या शहरातल्या वाडीत माहेरी जाऊन यायचं म्हणजे अंग ठेचून निघायचं. "बसताना विहिरीत उतरल्यासारखं वाटतं आणि उतरताना विहिरीतून चढल्यासारखं," असं म्हणत त्या सरळ रिक्षा करायच्या. दादा हसून सोडून द्यायचे. मला मनातून त्यांचा राग यायचा. माणूस बायकोपेक्षा गाडीला जास्त विचारतो असं मी एकदा हसमुखभाईंच्या घरी बोललेही होते.

मग यंदाच्या हिवाळ्यात वहिनींचं मणक्याचं दुखणं विकोपाला गेलं. पाणीगेटच्या पलीकडे एका हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. ते नीट झालं. पण जाताना ॲम्ब्युलन्समध्ये प्रत्येक खड्ड्याला त्यांना जे सोसावं लागलं त्याची धास्ती मनातून जाईना. शनिवारी घरी सोडतो असं डॉक्टर म्हणाले तशी ही धीराची बाई लहान पोरीसारखी रडायला लागली. "मला नाही यायचं. मी इथंच राहते. त्या रस्त्याने नका नेऊ मला." घरी जायचं तर होतंच, घराची आठवण काढत त्यांनी ते सगळे दिवस काढले होते. पण हॉस्पिटल आणि घर यांच्यामध्ये तो रस्ता होता.

आणि रविवारी दादांची शर्यत होती.

गाडी शर्यतीसाठी तयार होऊन झाकून ठेवलेली. दोन महिन्यांची मेहनत. हसमुखभाईंनी आपली मोठी नवी गाडी देऊ केली. दादा तिच्यात बसून कोपऱ्यापर्यंत जाऊन आले आणि म्हणाले, "गाडी सरस आहे, पण मागून उसळते. तिच्या पाठीला नाही चालणार." मग त्यांनी वहिनींना फोन लावला. मी शेजारीच उभी होते. "अगं, रविवारचं रद्द झालं. हो, मैदान नाही मिळालं म्हणे. नाही गं, वाईट कसलं." फोन ठेवला आणि लगेच शर्यतवाल्यांना लावला, माझं नाव काढा म्हणून. मग गाडीवरचं कापड ओढलं आणि चारही चाकं खोलली.

माळ्यावरून गाडीच्या मूळच्या स्प्रिंगा खाली आल्या, उंच आणि मऊ. मला वाटलं, झालं, आता बसवायच्या आणि निघायचं. दादा म्हणाले, "तसं नसतं ताई. अगदीच मऊ केली की धक्का बसत नाही, पण गाडी नंतर डुलत राहते. डुलली की तिच्या पाठीला ताण." म्हणून मग जंपर एक टिक इकडे, एक टिक तिकडे, आणि दर वेळी छाणीच्या खड्ड्यांतून एक चक्कर. वजनासाठी मी आपणहून पुढे झाले. चप्पलही काढली. दादांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली.

"तुम्ही नाही चालणार. ती फार उतरलीये."

त्यांनी आत जाऊन गव्हाचं पोतं आणलं, काट्यावर ठेवलं आणि त्यातले गहू काढायला लागले. एक डबा भरून काढले, दुसरा काढला. मी बघत होते. पोतं ढिलं पडलं तरी ते काढतच होते. शेवटी थांबले आणि ते पोतं दोन्ही हातांनी उचलून पुढच्या सीटवर ठेवलं, पट्टा लावला. वहिनी किती खंगल्यात हे मी रोज हॉस्पिटलात बघत होते, पण मला ते कळलं तेव्हा. मी आत चहाचं निमित्त करून गेले आणि ओट्याशी उभं राहून रडले.

ऑटोक्रॉसची एक रीत आहे. गाडी पळवण्याआधी प्रत्येक जण तो मार्ग पायी फिरतो, कुठे वळायचं, कुठे जपायचं ते बघतो. शनिवारी सकाळी दादा हातात चुन्याची पिशवी घेऊन हॉस्पिटलपासून घराकडे पायी निघाले. सगळा रस्ता, छाणीपर्यंत. जिथं खड्डा तिथं बाजूला चुन्याची रेघ, जिथं गतिरोधक बसका तिथं बाण. इथून काय येणार आहे, असं रस्त्यात लोकांनी विचारलं म्हणे, "काका, शुं आववानुं छे? पाइपलाइन?" दादा म्हणाले, "मारी वाइफ."

दुपारी वहिनींना चाकाच्या खुर्चीतून खाली आणलं. लाल गाडी बघून त्यांचा चेहरा पडला. मग दार उघडलं. त्यांना वाकावंच लागलं नाही, सीट बरोबर त्यांच्या उंचीला आली होती. त्या बसल्या, हाताने सीटची कड चाचपली आणि दादांकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं त्या माणसाबरोबर काढलेली बाई. दोन महिने शर्यतीसाठी जुळवलेली गाडी या माणसाने का खोलली आणि रविवारचं खरं कुणी रद्द केलं, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

"मैदान मिळालं नाही म्हणे," त्या म्हणाल्या.

"हो ना," दादा म्हणाले.

"बरं," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी डोळे पुसले. "चला मग."

मी मागे बसले. हसमुखभाई स्कूटरवरून पुढे, हात हलवत रिक्षा बाजूला घेत होते. सायकली आम्हाला मागे टाकून जात होत्या, मागून हॉर्न वाजत होते आणि दादा चुन्याची एकेक खूण बघत, ओठ घट्ट मिटून, गाडी नेत होते. सुरुवातीला वहिनींनी दाराचा दांडा धरला होता. बाजार मागे पडला तसा तो हात सुटला आणि मांडीवर आला. पुढे त्यांची मान दादांच्या बाजूला कलली. हॉस्पिटलात गोळी घेऊनही धड झोप न लागलेली बाई भर दुपारी गाढ झोपली होती.

आमचं फाटक आलं. हसमुखभाईंनी ते सताड उघडून धरलं होतं. दादांनी वेग कमी केला, एकदा शेजारी बघितलं आणि गाडी तशीच पुढे काढली.

हसमुखभाई फाटकाशी तोंड उघडं टाकून उभे राहिले. आम्ही कालव्याच्या बाजूने गेलो, शेतांपर्यंत गेलो, वळलो. दादांच्या गालावरून पाणी येत होतं आणि ते पुसायला त्यांनी स्टिअरिंगवरचा हात काढला नाही. दुसऱ्यांदा फाटक जवळ आलं तेव्हा वहिनींनी डोळे किलकिले केले.

"आलं का हो घर?"

"नाही गं," दादा म्हणाले. "अजून आहे थोडं."

वहिनींनी काचेतून बाहेर पाहिलं. समोर त्यांचंच दार होतं, त्यांनीच लावलेली जास्वंद होती.

"असू दे मग," त्या म्हणाल्या आणि पुन्हा डोळे मिटून घेतले.