कडी लागलेला फोटो

केजच्या बाजारपेठेतल्या आपल्या भांड्यांच्या दुकानात मृत्युंजय शेटे गल्ल्यामागे बसून एका डब्याला डोळा बसवत होता, आणि समोर एक गिऱ्हाईक कुकरच्या शिट्टीसाठी केव्हाचं ताटकळत उभं होतं. डबा म्हणजे रिळाचा जुना कॅमेरा. नवी भांडी घेताना लोक जुन्या पितळ-तांब्याची मोड आणून देतात, त्या मोडीत एका पोचे पडलेल्या हंड्याच्या पोटातून तो निघाला होता. पुढची काच तेवढी फुटलेली होती. तशी काच मृत्युंजयनं गावोगाव शोधली आणि शेवटी ती आष्टीच्या आठवडी बाजारात सापडली. गंजकी कुलपं आणि बंद पडलेली घड्याळं मांडून बसलेल्या म्हाताऱ्यानं ती दोन चहाच्या भावात देऊन टाकली.

"अहो, त्यांना शिट्टी द्या आधी," शिवकन्या आतून म्हणाली.

"एक मिनिट. काच बसायली बघ."

गिऱ्हाईक मिनिटभर थांबलं आणि शेजारच्या दुकानात गेलं.

मृत्युंजयला त्याचं काही वाटलं नाही. या कॅमेऱ्यानं त्याला पुरता नादी लावला होता. त्यात करायचं असं फार काही नव्हतंच. एक खटका, एक चावी आणि वर दोन चित्रं: एक सूर्याचं, एक ढगाचं. जसा दिवस असेल तसा काटा सरकवायचा. बीड जिल्ह्यात तेवढाही त्रास सहसा पडत नाही. खटका दाबला की मागच्या लाल काचेत पुढचा आकडा दिसेपर्यंत चावी फिरवायची, की झाला फोटो. मग तो कसा आला असेल याचा विचार करत आठवडाभर झोप घालवायची. मोबाईलमध्ये हे सुख नाही, असं तो ज्याला त्याला सांगत असे.

रीळ पुण्याहून कुरिअरनं येई आणि धुण्यासाठी रहमतुल्लाभाईंकडे जाई. रहमतुल्लाभाईंचा एकेकाळी नावाजलेला स्टुडिओ होता. आता पुढच्या खोलीत झेरॉक्स निघे आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत त्यांच्या बेगम अजमतबी कांदे साठवत. त्यामुळे मृत्युंजयच्या सगळ्या फोटोंना कांद्याचा वास येई.

"आजवर त्या डब्यातून काय निघालं?" शिवकन्या म्हणाली. "कढया, घागरी, नाहीतर समोरच्या गल्लीतलं मांजर. एवढा नाद हाय तर माझ्या आईचं एक काम करून दाखवा की."

यावर मृत्युंजयनं कॅमेरा खाली ठेवला. ते काम त्यालाही ठाऊक होतं आणि ते मनाला लागूनही राहिलं होतं.

शिवकन्येची आई महादेवी युसूफ वडगावला राहत होती. तिला दोन मुलगे, थोरला महारुद्र आणि धाकटा योगीराज. सात-आठ वर्षांपूर्वी नात्यातल्या एका लग्नात मान-पानाच्या वेळी कुणीतरी धाकट्याला भरजरी फेटा बांधला आणि थोरल्याच्या हातात टॉवेल-टोपी ठेवली. योगीराजनं तो फेटा दिवसभर उतरवला नाही. महारुद्र न जेवता निघून आला. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. घराची दोन दारं झाली, मधला ओटा तेवढा सामाईक राहिला, आणि त्या ओट्याच्या बरोब्बर मध्यावर, दोन दारांमधल्या भिंतीला टेकून आई बसू लागली. काही सांगायचंच झालं तर भाऊ तिसऱ्या माणसाकरवी सांगत. तिसरा माणूस नसला तर अंगणातल्या म्हशीला सांगत.

महादेवीचा एक डोळा काचबिंदूनं गेला होता आणि दुसराही फार दिवस साथ देणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिला एकच गोष्ट हवी होती. नजर आहे तोवर दोन्ही लेकरं आपल्या शेजारी एका फोटोत बघायची होती. मधे एका फ्लेक्सवाल्यानं दोघांचे वेगवेगळे फोटो कापून तिच्या दोन्ही बाजूंना जोडून दिले होते. महारुद्रच्या खांद्यावर मूळ फोटोतल्या कुठल्याशा पुढाऱ्याचा हात तसाच राहिला होता. तिनं तो फोटो परत केला. "चिटकवलेलं कळतं मला," एवढंच ती म्हणाली.

मृत्युंजयनं दोन्ही मेहुण्यांना गाठलं. दोघांचं उत्तर एकच आलं. आईसोबत बसू, पण एकेकटं. निदान रिळावरचे दोन खरे फोटो एका चौकटीत शेजारी लावता येतील, अशी त्यानं मनाची समजूत घातली. रिळात दोनच फोटो शिल्लक होते, म्हणजे हिशेबही जमत होता.

सोमवारी सकाळी तो शिवकन्येला घेऊन वडगावला पोचला. अंगणात ज्वारीचं भरलेलं पोतं उभं करून त्यावर त्यानं कॅमेरा घट्ट रोवला. महादेवी ठेवणीतलं लुगडं नेसून, कपाळाला भस्म लावून भिंतीला टेकली.

"मामी, हलायचं न्हाई बरं का," मृत्युंजय सासूला म्हणाला.

"मी कशाला हलू, बापू? हितंच तर बसून हाय इतकी वर्षं."

महारुद्र धोतर-टोपीत बाहेर आला आणि आपल्या उघड्या दारासमोर, आईच्या डाव्या हाताला बसला. बसल्याबसल्या त्यानं शेजारच्या दाराकडं बघितलं. "दाजी, त्याला सांगा, दार लावून घे म्हणावं. माज्या फोटूत त्याचं नाक नको."

दार धाडकन लागलं. पण महारुद्रचं समाधान झालं नाही. तो उठला, योगीराजच्या दाराला बाहेरून कडी घातली आणि परत येऊन शांतपणे बसला. मृत्युंजयनं खटका दाबला. महारुद्र उठून आत गेला.

मृत्युंजयचा हात चावीकडं जाणार, तोच योगीराजच्या दारावर आतून धपाधप बुक्क्या बसू लागल्या.

"दाजी! कडी कुनी घातली ओ? मला गुरासारखं कोंडलं व्हय?"

मृत्युंजयनं पळत जाऊन कडी काढली. योगीराज घामाघूम होऊन बाहेर आला आणि म्हशीकडं बघून गरजला, "सांग त्यास्नी, योगीराजला बी कडी लावता येती!" आणि त्यानं खरंच जाऊन महारुद्रच्या दाराला बाहेरून कडी घातली. आता आतून थोरला बुक्क्या मारू लागला. शिवकन्या रडवेली झाली. म्हैस दावं ताणू लागली.

"बसा, योगीराज, बसा लवकर!" मृत्युंजय कळवळून म्हणाला. योगीराज आपल्या उघड्या दारासमोर, आईच्या उजव्या हाताला बसला. हे सगळं होईतो महादेवी जागची हलली नव्हती. मृत्युंजयनं खटका दाबला, धावत जाऊन थोरल्याची कडी काढली आणि मगच चावीला हात लावला. रीळ संपेपर्यंत ती नेहमीपेक्षा जरा जास्तच फिरली असं त्याला वाटलं, पण त्या वेळी त्याचं डोकंच ठिकाणावर नव्हतं.

आठवड्यानं रहमतुल्लाभाईंनी त्याला कांद्यांच्या खोलीत बोलावलं. त्यांचा चेहरा पडला होता.

"शेठ, शेवटचा फोटो कोराच आला. आणि त्याच्या आधीचा... चावी फिरवायची भुललात तुमी. दोनी फोटू एकावर एक चढले."

फोटो पाहून मृत्युंजय कांद्यांच्या पोत्यावरच बसला. दोन्ही वेळा न हललेली आई मधे स्वच्छ आली होती, कपाळावरच्या भस्माच्या रेघांसकट. तिच्या डाव्या हाताला महारुद्र होता आणि उजव्या हाताला योगीराज. दोघं एकाच फोटोत होते, पण दोघंही आरपार. प्रत्येकाच्या अंगातून त्याच्याच घराचं बंद दार दिसत होतं आणि नेमकी छातीवर कडी लागलेली होती.

"कमाल हाय," रहमतुल्लाभाई म्हणाले. "जिवंत मानसांचं भूत काढलं तुमी."

मृत्युंजयला हसू आलं नाही. म्हातारीची नजर दिवसेंदिवस कमी होत चालली होती, तिनं एकच गोष्ट मागितली होती आणि आपण ती एका चावीपायी घालवली, याचं त्याला मनापासून वाईट वाटलं. कुठल्या तोंडानं हे दाखवायचं? पण लपवून ठेवणंही जमेना. पुढच्या सोमवारी त्यानं फोटो पिशवीत घातला. रीळ न भरलेला कॅमेरा सवयीनं गळ्यात अडकवला आणि तो वडगावला गेला.

"मामी, माझ्या हातून चूक झाली," त्यानं फोटो तिच्या हातात दिला. "खराब झालाय."

महादेवीनं फोटो चांगल्या डोळ्याच्या अगदी जवळ धरला. आधी एका कडेवरून बोट फिरवलं, मग दुसऱ्या कडेवरून.

"चिटकवला का?"

"न्हाई मामी. रिळावरच तसा आला."

तिनं दोन्ही मुलांना हाका मारल्या. दोघं आपापल्या दारात आले. मृत्युंजयनं फोटो आधी थोरल्याला दाखवला, मग धाकट्याला. दोघांच्याही तोंडचं पाणी पळालं.

"दाजी, हे काय!" महारुद्र म्हणाला. "मेल्यालं मानूस दिसतंय असं."

"माज्या छातीवर कडी कावून हाय?" योगीराजनं विचारलं.

"तुज्या दाराला त्यानं घातली, त्याच्या दाराला तू घातली," महादेवी म्हणाली. "मिशिनीनं काय पदरचं घातलं न्हाई. लई खरा फोटू हाय. बापू, ह्येला चांगली चौकट करून आन. हितं माज्या डोक्यावर लावायचा. येनाऱ्या-जानाऱ्यानं बघावा."

ओटा रस्त्याला लागून होता. अख्खं गाव त्याच्यासमोरून जाई. महारुद्रनं घाम पुसला. योगीराजनं म्हशीकडं पाहिलं, पण म्हशीपाशीही यावर काही तोडगा दिसेना.

"आई, असलं लावू नको," महारुद्र म्हणाला. "अशुभ असतंय. दाजी, दुसरा काढा."

"दुसरा एकच निघंल," महादेवी म्हणाली. "दोघं बसत असाल तर."

मग महारुद्र येऊन तिच्या डाव्या हाताला बसला. थोड्या वेळानं योगीराज येऊन उजव्या हाताला बसला. या वेळी दोन्ही दारं मागं सताड उघडी होती.

"मामी, पण आज कॅमेऱ्यात—" मृत्युंजय बोलू लागला.

"बापू, काढ." महादेवीनं त्याच्याकडं अशी नजर टाकली की त्याचं वाक्य घशातच राहिलं. त्यानं पोतं ओढलं, त्यावर रिकामा कॅमेरा ठेवला, सूर्याच्या चित्रावर काटा सरकवला आणि आयुष्यात कधी दाबला नव्हता इतक्या गंभीरपणे खटका दाबला. चावीही फिरवली. ती गरागरा फिरली.

"आला का?" दोघांनी एकदमच विचारलं.

मृत्युंजयला खोटं बोलायची सवय नव्हती. भांड्याचा पोचाही तो गिऱ्हाइकाला आधी दाखवत असे. "न्हाई," तो अडखळत म्हणाला. "कुणीतरी हललं."

"दादा, तूच हललास!" योगीराज म्हणाला.

"मी? मी दगडावानी बसलतो! तूच टोपी सारखी करायलतास, योग्या!"

"माझ्या डोक्यावर टोपी हाय का? नीट बघ तरी! टोपी तुज्या डोक्यावर हाय!"

"ती कुनी ठेवली माज्या डोक्यावर? आं? फेटा तू बांधून घेतलास तवा!"

"मग मागायचा हुतास की! मी काय न्हाई म्हनलो असतो व्हय?"

मृत्युंजय बघतच राहिला. दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघून भांडत होते. मधे ना दाजी होते, ना म्हैस. शिवाय आई मधे बसली होती म्हणून दोघांनाही तिच्या मांडीवर रेलून, पुढं वाकून भांडावं लागत होतं. तिनं एक हात थोरल्याच्या पाठीवर ठेवला होता, एक धाकट्याच्या. चांगल्या डोळ्यातनं पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

मृत्युंजय तिच्याजवळ वाकला आणि कुजबुजला, "मामी, आज आत रीळच नव्हतं."

"असू दे," महादेवी म्हणाली. "पुढच्या सोमवारी ये. तसाच ये."